उषाबेन आणि आमचा पासवर्ड

गेल्या दिवाळीत चकलीची भाजणी माझ्या हातून करपली. लग्नाला बावीस वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. कढई गॅसवर होती आणि दारात दोन माणसं उभी होती. साध्या कपड्यातली, बोलायला अगदी नम्र. सायबर पोलिसांकडून आलोय म्हणाले. आमच्या वसाहतीतल्या एका मुलीच्या नावानं कुणीतरी खोटं अकाउंट उघडलं होतं. तिचे फोटो टाकून खाली नको नको ते लिहिलं होतं. तिच्या वडिलांनी तक्रार केली, आणि त्या अकाउंटचा माग काढत पोलिस जिथं पोचले तो पत्ता आमचा निघाला. दीपनगर, आमचं क्वार्टर, आमच्या ह्यांच्या नावावरचं इंटरनेट!

घरात माणसं तीन. हे प्लँटवर शिफ्टला, मी स्वयंपाकघरात, आणि बारावीतला मुलगा खोलीत अभ्यासाला. आता खरं सांगू? पोलिसांच्या आधी मीच त्याच्याकडे संशयानं पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, मान वळलीच माझी त्याच्या खोलीकडे. त्यानंही ते पाहिलं. हे लिहिताना आजही हात अडखळतो.

आमचे तिघांचे मोबाइल, मुलाचा लॅपटॉप, सगळं तपासलं गेलं. त्यात काही सापडलं नाही. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, वाय-फायचा पासवर्ड आणखी कुणाकुणाला माहीत आहे? मला हसावं की रडावं कळेना. इंटरनेट जोडायला आलेल्या पोऱ्यानं पासवर्ड म्हणून ह्यांचा मोबाइल नंबरच टाकून दिला होता. लक्षात राहायला सोपा, काकू, म्हणाला होता. मी खूश! आणि ह्यांचा नंबर कुणाला माहीत नाही? दूधवाल्यापासून भिशीच्या बायकांपर्यंत सगळ्यांकडे आहे. शिवाय लेकानं तो एका मित्राला मुद्दाम दिलाही होता. कोणत्या मित्राला? तिथं त्याचं तोंड मिटलं ते मिटलंच. बापानं समजावलं, मी रडून पाहिलं, ओरडून पाहिलं. हूं नाही की चूं नाही.

योगायोग बघा, त्याच दिवसांत मी या सदरासाठी उषा मेहतांवर टिपणं काढत होते. ह्या उषाबेन म्हणजे 1942 साली मुंबईत गुप्त रेडिओ चालवणारी मुलगी. 2024 साली त्यांच्यावर ए वतन मेरे वतन नावाचा हिंदी सिनेमा आला, तो तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. सिनेमा सिनेमाच्या जागी. खऱ्या उषाबेन मला त्याहून जास्त आवडतात, कारण त्यांचं आयुष्य म्हणजे आवाज कसा पोचवायचा आणि तोंड कधी मिटायचं याचीच गोष्ट आहे. आणि नेमका तोच पेच आमच्या घरात, चकलीच्या सोऱ्याशेजारी येऊन बसला होता.

उषाबेनचा जन्म 25 मार्च 1920 चा, सुरतेजवळच्या सरस गावचा. आपल्या खानदेशाला सुरत काही परकी नाही, भुसावळहून निघालेली गाडी ताप्तीच्या काठाकाठानं तिकडंच जाते. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत न्यायाधीश. म्हणजे घरात सरकारचा पगार आणि पोरीच्या डोक्यात गांधीजी! अगदी लहान असताना, पाचेक वर्षांची, तिनं गांधीजींना अहमदाबादच्या आश्रमात पाहिलं होतं. 1928 साली सायमन कमिशनविरुद्ध निघालेल्या मिरवणुकीत ही आठ वर्षांची चिमुरडी सामील झाली. दारूच्या दुकानांपुढं मुलांच्या निदर्शनांत उभी राहिली. एकदा मुलांच्या प्रभातफेरीवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि झेंडा धरलेली मुलगी झेंड्यासकट खाली पडली. मुलं चिडली. मोठ्यांकडं जाऊन हट्ट धरला, तेव्हा त्यांना झेंड्याच्या रंगांचे कपडेच शिवून मिळाले. ते अंगात घालून पोरं पुन्हा रस्त्यावर. आता पाडा म्हणावं झेंडा! मला यातली शिवणारी बाई कोण असेल याचंच कुतूहल वाटतं. इतिहासात तिचं नाव नाही, पण शिलाई मशीनवर बसून तिनं केलेला तो सत्याग्रहच की.

1930 साली वडील निवृत्त झाले आणि घरातलं बंधन सैल झालं. दोनेक वर्षांत कुटुंब मुंबईला आलं. उषाबेन विल्सन कॉलेजातून 1939 साली तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या आणि कायद्याचा अभ्यास करू लागल्या. अंगावर खादी, लग्न करायचं नाही हा निश्चय. तब्येतीनं किरकोळ, उंचीनं लहानखुऱ्या. अशा मुलीला कुणी घाबरेल असं वाटायचं कारण नव्हतं.

मग 1942 चा ऑगस्ट आला. 8 तारखेला गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला आणि 9 च्या पहाटेपासून गांधीजींसह सगळे मोठे नेते तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. बिहारात काय चाललंय ते मुंबईला कळेना, मुंबईचं पुण्याला कळेना. अशा वेळी देश एका अफवेवरून दुसऱ्या अफवेवर झुलत राहतो. उषाबेन आणि त्यांचे मित्र, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई, यांनी ठरवलं की आपला स्वतःचा रेडिओ काढायचा. बावीस वर्षांच्या मुलीनं कायद्याचा अभ्यास सोडला आणि थेट कायदाच मोडायला घेतला.

तेव्हा रेडिओ म्हणजे काय होतं ते आजच्या मुलींना कळायचं नाही. माझ्या सासूबाई सांगायच्या, नुसता ऐकायचा रेडिओ घरात ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरावे लागत. 1980 च्या दशकापर्यंत ते चाललं. आणि इथं ऐकायचं नव्हे, बोलायचं यंत्र बसवायचं होतं, तेही महायुद्ध चालू असताना! शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवत, त्यांच्याकडून सामान मिळालं. ट्रान्समीटर जुळवायला तंत्रज्ञ मिळाले. भूमिगत असलेले डॉ. राममनोहर लोहिया पाठीशी उभे राहिले. ऑगस्ट संपायच्या आत 42.34 मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. भारतातूनच कुठूनतरी बोलतोय एवढंच सांगितलं जाई. कुठून ते नाही. सुरुवातीच्या त्या आवाजांत उषाबेनचा आवाज होता.

रोज संध्याकाळी लोक दारं लोटून, आवाज बारीक करून ऐकायचे. चितगाववर बॉम्ब पडले, जमशेदपूरच्या कामगारांनी संप केला, या बातम्या या रेडिओवरून गेल्या. आपल्या महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरला ऑगस्ट 1942 मध्ये जे घडलं, गोळीबार आणि त्यानंतर चिमूरच्या बायाबापड्यांवर झालेले अत्याचार, त्यांची हकिकतही याच रेडिओनं देशाला ऐकवली. वर्तमानपत्रं छापू शकत नव्हती ते ही माणसं बंद खोलीतून बोलत होती. मला तर वाटतं, चिमूरच्या त्या बायांचं दुःख कुणीतरी मोठ्यानं उच्चारलं, एवढ्यासाठीसुद्धा हा रेडिओ लक्षात ठेवायला हवा.

आता जरा यंत्राकडं वळू. घाबरू नका, मीही बी.ए. मराठीच आहे.

रेडिओलहर भिंतीला जुमानत नाही, हाच तिचा गुण आणि हाच दोष. जी लहर तुमचा आवाज श्रोत्यापर्यंत नेते, तीच पोलिसापर्यंतही नेते. पोलिसांकडं शोधगाड्या होत्या. गाडीत गोल कड्यासारखा अँटेना असतो. तो फिरवला की आवाज एका दिशेला मोठा, एका दिशेला बारीक होतो, त्यावरून आवाज कुठल्या बाजूनं येतोय ते कळतं. नकाशावर एक रेघ मारायची. मग गाडी दुसऱ्या गल्लीत न्यायची, दुसरी रेघ मारायची. दोन रेघा जिथं छेदतील तिथं घर! गणपतीच्या आरतीला कुठल्या गल्लीत ढोल वाजतोय ते आपण कानानं शोधतो ना, तसंच.

यावर उषाबेनच्या मंडळींनी काय उपाय केला? घरं बदलली. आज चौपाटीजवळ, मग लॅबर्नम रोड, मग सँडहर्स्ट रोड, गिरगाव, शेवटी महालक्ष्मी. तीन महिन्यांत अर्धा डझन ठिकाणं. बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो. इथं तर ट्रान्समीटर पोटात दडवून बिऱ्हाड हलवायचं होतं. शिवाय भाषणं, बातम्या एका जागी रेकॉर्ड करायच्या आणि दुसऱ्या जागेवरून सोडायच्या. एक जागा हाती लागली तरी दुसरी वाचावी म्हणून. जास्तीचा ट्रान्समीटर तयार करायचीही धडपड केली.

जाता जाता एक गंमत. त्याच ऑगस्टमध्ये, 11 तारखेला, तिकडं अमेरिकेत एका सिनेनटीला एका शोधाचं पेटंट मिळालं. तिचं नाव हेडी लामार, मूळची व्हिएन्नाची. जॉर्ज अँथाइल नावाचा संगीतकार तिचा भागीदार. टॉर्पेडोला रेडिओनं वळवायचं, तर शत्रू त्या लहरीत खरखर घालून टॉर्पेडो भरकटवणार. म्हणून लहर एका जागी ठेवायचीच नाही, ठरलेल्या क्रमानं 88 जागांवर उड्या मारत राहायचं, पियानोला असतात तितक्या! उषाबेन घरं बदलत होत्या, ही बाई लहरी बदलत होती. दोघींची एकमेकींना गंधवार्ता नाही. अमेरिकन नौदलानं तिचा कागद बाजूला ठेवला, पण लहरीला उड्या मारायला लावायची ही युक्ती (ती काही एकट्या तिलाच सुचली नव्हती, हेही खरं) पुढं रुजली. तुमच्या कानातलं ब्लूटूथ सेकंदाला 1600 वेळा जागा बदलून गाणं ऐकवतं ते याच तत्त्वावर. हेडी लामार आणि उषाबेन, दोघी गेल्याही एकाच वर्षी, 2000 साली.

तर आपलं वाय-फाय. हा सुद्धा रेडिओच बरं का! उषाबेनच्या रेडिओची एक लहर 42 मीटरची, चौदा मजली इमारतीएवढी लांब. घरातल्या राउटरची नेहमीची लहर साडेबारा सेंटिमीटरची, अर्ध्या वितीहून जराशी जास्त. ती दूर जात नाही, पण मागच्या गल्लीपर्यंत आणि परसातल्या पेरूखालपर्यंत मजेत जाते. आमच्या पेरूखाली ती छान पकडते, हे मला उशिरा कळलं. आणि घरातली सगळी यंत्रं बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यानं दिसतात. पेरूखाली बसून कुणी काही केलं, तर जगाच्या दृष्टीनं ते आमच्या घरानं केलेलं असतं.

हे काही आमच्यावरच पहिल्यांदा आलेलं नाही. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना एक ईमेल गेला. माग काढला तर तो निघाला नवी मुंबईतल्या सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी. त्याचं वाय-फाय उघडं होतं. अतिरेक्यांनी नुसतं त्याच्या लहरीत हात घालून पत्र टाकलं होतं. त्यानंतरचे तसेच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले. त्या गृहस्थाच्या मागे किती दिवस चौकशीचा ससेमिरा लागला होता! 2009 च्या सुरुवातीला मुंबई पोलिस मग रस्तोरस्ती फिरून कुणाचं वाय-फाय उघडं आहे ते शोधू लागले. सदुसष्ट वर्षांनी पुन्हा त्याच शहरात पोलिस लहरी हुंगत फिरत होते. फक्त तेव्हा बोलणाऱ्याला पकडायला, आता बेसावध माणसाला सावध करायला.

कुलूप कसं असतं तेही सांगते, कारण मला आमच्या लेकाच्या कॉम्प्युटरच्या सरांनी कागदावर काढून समजावलं. वाय-फायला पहिलं कुलूप 1997 साली मिळालं, त्याचं नाव डब्ल्यूईपी. 2001 पर्यंत जाणकारांनी ते फोडून दाखवलं. नंतर तर ते मिनिटांत उघडू लागलं. 2003 ला डब्ल्यूपीए, 2004 ला डब्ल्यूपीए-टू, आणि 2018 ला डब्ल्यूपीए-थ्री आलं. आज घरोघरी बहुतेक टू आहे आणि ते कुलूप वाईट नाही. त्यात पासवर्ड हवेतून उघडा जात नाही. मोबाइल आणि राउटर एकमेकांना कोडं घालतात आणि उत्तरं जुळली की दार उघडतं. पण ती कोड्याची देवाणघेवाण कुणी टिपून घरी नेली, तर तो निवांत बसून एकेक पासवर्ड लावून पाहू शकतो. आता मोबाइल नंबर म्हणजे दहाच आकडे, त्यात पहिला सहा ते नऊ यांपैकीच. म्हणजे चारशे कोटी शक्यता. आपल्याला हे डोंगराएवढं वाटतं, पण गेम खेळायच्या चांगल्या कॉम्प्युटरला तो काही तासांचा खेळ आहे. ह्यांचा नंबर पासवर्ड ठेवणारा तो पोऱ्या आठवला आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

अर्थात, आमचं कुलूप कुणी फोडलं नव्हतंच. आम्हीच किल्ली दिली होती.

आणि उषाबेनचंही तसंच झालं. शोधगाड्या तीन महिने फिरत होत्या, पण शेवटी घात झाला तो माणसाकडून. त्यांच्यातलाच एक तंत्रज्ञ पोलिसांना मिळाला. 12 नोव्हेंबर 1942. दुपारी एका साथीदाराच्या ऑफिसवर धाड पडली. उषाबेन तिथंच होत्या. कागदपत्रं सावरून त्या निसटल्या आणि रेकॉर्डिंगच्या जागी जाऊन सगळ्यांना सावध केलं. आता शहाणपण काय सांगतं? आज गप्प बसा. पण संध्याकाळचा कार्यक्रम चुकवायचा नाही असं ठरलं. उषाबेन आणि चंद्रकांतभाई महालक्ष्मीच्या पॅराडाइज बंगल्यावर गेले. कार्यक्रम लावला. शेवटचं वंदे मातरम् सुरू असताना दारावर धक्के बसू लागले. दार फोडून पोलिस आत शिरले, तबकडी थांबवायला सांगितलं. उषाबेननं नाही थांबवली. उभं राहून गाणं पुरं होऊ दिलं.

पुढचे सहा महिने चौकशीचे. एकटीला कोठडीत ठेवलं. साथीदारांची नावं सांग, परदेशी शिकायला पाठवू असं आमिष दाखवलं. विचार करा, तेवीस वर्षांची हुशार मुलगी, शिक्षण अर्धवट सुटलेलं, आणि समोर परदेशचं शिक्षण! त्यांनी तोंड उघडलं नाही. खटला उभा राहिला तेव्हा त्यांनी न्यायाधीशांना आधी एवढंच विचारून घेतलं की मला उत्तरं देणं सक्तीचं आहे का. नाही, असं कळल्यावर सांगून टाकलं की मग मी एकाही प्रश्नाचं उत्तर देणार नाही. कायद्याचा सोडलेला अभ्यास इथं बरोब्बर कामाला आला म्हणायचा! चार वर्षांची शिक्षा झाली. येरवडा. तब्येत पार ढासळली, मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात ठेवावं लागलं, तिथंही खाटेभोवती पहारा. बरं वाटल्यावर पुन्हा येरवडा. 1946 च्या मार्चमध्ये, मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना त्या सुटल्या.

एवढं टिपण काढून झालं आणि रात्री जेवताना मी ते मोठ्या कौतुकानं घरात सांगितलं. ह्यांनी मान डोलावली. लेक ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाला, की उषाबेननं साथीदाराचं नाव सांगितलं नाही तर तू तिच्यावर लेख लिहितेस, आणि मी सांगितलं नाही तर मला ओरडतेस.

माझा घास हातात तसाच राहिला.

काय उत्तर द्यायचं हो? त्या रात्री मला उत्तर सुचलं नाही. हे रात्रपाळीला गेले. मी ओट्यापाशी उभी राहून दूरवर प्लँटच्या चिमण्यांचे दिवे पाहत बसले. पोरगा खोटं बोलत नव्हता. मैत्री न फोडणं ही त्याला शिकवलेलीच गोष्ट, मीच शिकवलेली. चुगली करायची नाही, असं बालवाडीपासून कोण सांगत आलं?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेले. तिच्या आईनं दार पूर्ण उघडलं नाही. अर्ध्या दारातून मला दिसलं, की मुलगी आतल्या खोलीत पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसली होती. सुट्टीतल्या जादा क्लासलाही ती जात नव्हती. तिनं मोबाइल बंद करून कपाटात टाकला होता. मी परत आले आणि लेकाला एवढंच सांगितलं. उषाबेन गप्प राहिल्या त्या ज्यांच्यासाठी, ती माणसं चिमूरच्या बायांसाठी बोलत होती. तू ज्याच्यासाठी गप्प आहेस, त्यानं काय केलंय ते त्या घरी जाऊन बघून ये. तो गेला नाही. रागानं दार लावून घेतलं. मी म्हटलं, संपलं. पण नवव्या दिवशी सकाळी त्यानं बापाला उठवलं आणि दोघं पोलिसांकडं गेले. त्या मित्राबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. तोही कुणाचा तरी लेकच आहे, अठराच्या आतला आहे, आणि जे व्हायचं ते कायद्यानं होतंय. माझ्या लेकाचा तो दोस्त तुटला तो तुटलाच. शाळेतले काही अजून त्याला चुगलखोर म्हणतात. त्याचं वाईट त्याला वाटतं आणि मलाही वाटतं. त्यावर माझ्याकडं औषध नाही.

उषाबेनचं पुढचं आयुष्य तसं शांत गेलं, म्हणून सिनेमात ते नसतं. मला मात्र ते फार आवडतं. सुटल्यावर मिरवल्या नाहीत, मंत्रिपदं मागितली नाहीत. राहिलेला अभ्यास हातात घेतला. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. विल्सन कॉलेजात तीसेक वर्षं शिकवलं, विद्यापीठात राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, 1980 साली निवृत्त झाल्या. म्हणजे एका रेडिओचे तीन महिने आणि फळ्यासमोरची तीन दशकं! गुजराती, इंग्रजीत पुस्तकं लिहिली. मणिभवनातल्या गांधी संग्रहालयाचं काम पाहिलं. अंगावर साधी खादी, कुठलाही बडेजाव नाही. मिर्च मसाला काढणारे केतन मेहता हे त्यांचे पुतणे. 1998 साली पद्मविभूषण मिळालं. दरवर्षी 9 ऑगस्टला त्या गवालिया टँकवर, म्हणजे आताच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर जात. 2000 सालीही गेल्या, अंगात ताप असताना. घरी आल्या आणि दोनच दिवसांनी, 11 ऑगस्टला गेल्या. ऐंशी वर्षांच्या होत्या.

आमच्याकडं राउटरची साफसफाई लेकानंच केली. वाय-फायचा पासवर्ड लांबलचक केला, चार असंबद्ध शब्दांचा, ज्यात ना कुणाचा नंबर ना कुणाचा वाढदिवस. राउटरच्या आत शिरायचा वेगळा पासवर्ड असतो हे मला ठाऊकच नव्हतं. तो बसवून गेल्या दिवसापासून तसाच, कंपनीतून आलेला होता. बरेच जण तो बदलतच नाहीत म्हणे. तोही बदलला. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएसची सोय असते, ती बंद केली, कारण तिच्यातली खोट 2011 सालीच उघड झालीय. पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड ठेवला. माझी भाची आली की आता तिला पाहुण्यांचा मिळतो, घरचा नाही. ती रुसली होती थोडी.

आणि मुलीच्या आईचं म्हणाल, तर संक्रांतीला ती आली. वाण घेतलं, तिळगूळ दिला, बसली मात्र नाही. मुलगी क्लासला जायला लागलीय, एवढं सांगून गेली.

परवा ह्यांची रात्रपाळी संपली. सकाळी सात वाजता बूट न काढताच मोबाइल घेऊन हॉलमध्ये उभे. इंटरनेट का लागत नाही म्हणून मला विचारताहेत. लेकानं पुन्हा पासवर्ड बदलला होता. मी चहाचं आधण ठेवत म्हटलं, मला नाही माहीत, त्याला विचारा. तो उठला नव्हता. हे बिचारे अर्धा तास सोफ्यावर कालचा पेपर वाचत बसले.